दहावा

कुपी एकदा फोडली की चार तास,
आणि एका कुपीत माणसं दहा.
दहा नसतील तर फोडायची नाही,
असं वरून आलेलं.
माडग्याळच्या पुढे, दोन बोरी आणि एक बंद हापसा,
तिथल्या वस्तीवर निळा डबा मांडीवर धरून
मी माणसं मोजली.
परत मोजली. नऊच.

"दहावा कोण?" ओरडून विचारलं
आणि जीभ चावली.
गेल्या उन्हाळ्यात हा शब्द
घराघरांत येऊन बसून गेला होता.
काही घरांत तर घालायलाही कुणी उरलं नव्हतं.

आमसिद्ध वाघरीच्या मेखा ठोकत होता.
मान वर न करता म्हणाला, "ब्याड."
आमच्याकडे नको म्हणायला दोन भाषा आहेत.
खरंच नको असलं की तो कन्नडमध्ये म्हणतो.

मामा, मी म्हटलं, जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा
एकशेचाळीस मेंढरं तुम्हीच लावली होती ना रांगेला?
"लावली की.
टोचलं न्हाई त्या साली
एका रातीत बत्तीस पडली, ह्याच मातीत.
मी मोजल्यात बाई.
तुझ्या सुईनं कोण वाचलं, त्ये मोजून दाव."

मला दाखवता येईना.
न मेलेला माणूस कसा दाखवायचा?
तो ज्वारीला पाणी देत असतो, बिडी ओढत असतो,
बाकीच्यांसारखाच दिसतो.

डब्यातला बर्फ घामेजू लागला.
गंगव्वा पदरानं डब्याला वारा घालत बसली,
जणू आत तान्हं आहे.
तिचा नातू मोबाईलमधलं वाचून दाखवत होता,
टोचलेलं एकेक माणूस दोन वर्षांत जाणार म्हणे.
आणि स्वतः रांगेत तिसरा.
"मग तू का रे?"
"कारखान्यावर कागद मागत्यात."

साडेबारा.
मी डब्याचं झाकण दाबलं, चपला घातल्या.
तेव्हा तो हातातली मेख टाकून आला.
"मेंढरू टोचताना मी धरतो.
गुडघा पाठीवर, हात कानाला.
न्हाई धरलं तर भिऊन सोताचाच पाय मोडून घेतंय.
मला कोण धरणार?"

सगळ्या अफवांची उत्तरं पाठ करून आले होते मी.
हे प्रशिक्षणात नव्हतं.

मी त्याची बाही वर सारली.
दंडावर जुना वण, रुपयाएवढा,
कडेनं चुण्या पडलेला.
"देवी काढल्या होत्या की तुमच्या. तेव्हा कोणी धरलं?"
तो वणाकडे बघत राहिला
दुसऱ्याच कुणाचा दंड असल्यासारखा.
"अव्वानं," म्हणाला.
मग थोड्या वेळानं,
"असंल. अव्वानंच असंल."

गंगव्वा उठली. गुडघ्यांवर हात देत, हळू.
त्याच्या मागे गेली
आणि त्याचा कान धरला,
मेंढराचा धरतात तसा, घट्ट.
कुणी हसलं नाही.
मी कुपी फोडली.

पुढची तारीख कार्डावर लिहून दिली.
कार्ड त्यानं मुंडाशात खोचलं,
घोंगड्याच्या दशीला एक गाठ मारली,
आणि आठ दिवसांनी वाघर गुंडाळून
कळपासकट कृष्णेकडे उतरला.
मी वहीत त्याच्या नावापुढे पेन्सिलनं
प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

संक्रांत झाल्यावर अनोळखी नंबर.
मागे मेंढरांचा कालवा.
"बाई, दुधगावच्या मळ्यात हाय. टोचून घेतलं दुसरं.
हितली बाई बरी हाय,
पर कान कुणी धरत न्हाई."
"मग?"
"मग काय. मीच धरला की माझा."