शेव वेगळी द्या

लोकमान्य नगरात गाळा घेतला
तेव्हा आधी आणला काटा, माणसांचा.
मग दुसरा, पिठाचा.
माणसांचा काटा दीड किलो जास्त दाखवतो
हे कळलं तिसऱ्या महिन्यात.
तोवर अकरा बायका
माझ्यासमोर रडून गेल्या होत्या.

दवाखान्यातल्या नोकरीतून छापील तक्ते आणले होते:
सकाळी ओट्स. अकराला सफरचंद.
आणि हे इंदूर,
इथे सकाळ म्हणजे वाफेवरचे पोहे,
वर जिरावन, त्यावर शेव,
शेजारी जिलबी,
कारण पोहे बिचारे एकटे पडतात.

झोकरकर काकूंनी तक्त्याची घडी घालून
डगमगत्या कपाटाखाली सरकवली.
म्हणाल्या, सफरचंद खाईन गं,
पण ह्यांच्यापुढे ताटली ठेवून
मी काय नुसती बघत बसू?

तेव्हापासून वजन नंतर विचारते.
आधी विचारते, घरी रांधतं कोण?
आणि शेवटी जेवायला बसतं कोण?
बहुतेक वेळा एकच नाव येतं.
कढईत उरलेलं तिला टाकवत नाही,
आणि हे कुठल्याच रक्ततपासणीत
दिसत नाही.

पैसे मागताना माझा आवाज बारीक व्हायचा.
नात्यातल्यांना फुकट, शेजाऱ्यांना निम्म्यात,
गाळ्याचं भाडं मात्र पुरतं.
शकुन भांडी घासायला आली होती,
हळूहळू हिशेबाची वही तिच्याकडे गेली.
एक दिवस वहीतून मान वर न करता म्हणाली,
दीदी, फुकटचं पथ्य
कोणी पाळलेलं पाहिलंय का?

मे महिन्यात जवसाचे लाडू खवट झाले.
एकशे चाळीस डबे.
शकुननं एक लाडू गाईपुढे धरला.
गाईनं हुंगला आणि मान वळवली.
इतका स्पष्ट अभिप्राय
मला पुन्हा कोणी दिला नाही.

दिला. कासलीवालांनी.
सराफ्यात त्यांची पेढी.
डब्यावर मी छापलं होतं, साखर नाही.
खरंच नव्हती.
गूळ होता.
ते रोज सहा लाडू खात होते,
निर्धास्त, महिनाभर.

आले तेव्हा एकाच पिशवीत
रिपोर्ट होता आणि रिकामा डबा.
आवाज चढवला नाही.
लेबलावर नखानं टिचकी मारली फक्त.
ताई, आमच्याकडे अठराच्या अंगठीवर
बावीस कॅरेट लिहिलं तर माल परत येतो.
तुमचा माल तर मी खाऊन बसलो.

त्या रात्री गरम पाण्याची घमेली घेऊन
आम्ही दोघी सहाशे लेबलं सोडवत बसलो.
शकुन काही बोलली नाही,
पहाटे फक्त चहात साखर घालून दिली,
नेहमीपेक्षा एक चमचा जास्त.
बोटांचा गोंद चार दिवस गेला नाही,
भाकरी थापताना कळायचा.

नवं लेबल साधं आहे:
यात गूळ आहे. मधुमेह असेल तर घेऊ नका.
विक्री निम्म्यावर आली, तिथेच आहे.
कासलीवाल परत आले नाहीत.
त्यांची सून येते. मी विचारलं तर म्हणते,
बरे आहेत,
आणि राजगिऱ्याचा भाव विचारते.

आता मी पोहे बंद करायला सांगत नाही.
म्हणते, शेव वेगळी मागा, कागदावर.
वरून पडलेलीचं माप दुकानदाराला,
वेगळी घेतली की आपल्या हाताला.
सात वर्षांच्या धंद्यात
एवढंच एक सूत्र माझं स्वतःचं.

रविवारी ठेल्यावर उभी होते,
केस न विंचरता, ओढणी खांद्यावर टाकून.
शेजारी झोकरकर काकू.
त्यांनी माझ्या ताटलीकडे पाहिलं,
मी त्यांच्या.
ठेलेवाला मूठ भरून थांबला.
वेगळी द्या, आम्ही दोघी एकदमच म्हणालो,
आणि काकू इतक्या हसल्या
की जिरावन नाकात गेलं.

माझी पुडी मी पर्समध्ये ठेवली.
सोमवारी, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात,
पिठाच्या काट्यावर ठेवून पाहिली.
बावीस ग्रॅम.
मग दार लोटून घेतलं.