बावीस डबे

दीर म्हणाले, वहिनी, घ्यायचीच तर जरा भरदार घ्या,
लोक काय म्हणतील.
लोक मकरपुऱ्याच्या कारखान्यात
साडेबाराला जेवायला बसतात.
उशीर झाला तरच काही म्हणतात.

रिक्षावाले रमणभाई गावी गेले ते गेलेच,
म्हणून मी वारसियात, इलियासभाईंच्या शेडमध्ये,
बावीस डबे घेऊन उभी.

पांढरी, अकरा वर्षांची,
काचा हातानं फिरवायच्या.
"एमां कशुं छे ज नहीं, बेन, तो बगडे शुं?"
खरंच. नाहीच काही, तर बिघडेल काय.

त्यांनी बॉनेट उघडलं, मी डिकी.
एकोणीस मावले.
उरलेले तीन मागच्या सीटवर, पट्टा लावून,
शाळेत निघालेल्या पोरांसारखे.

टायरला लाथ मारून पाहिली नाही,
ते दीर करतात.
एवढंच म्हटलं : आमटी सांडली नाही तर घेते.

प्रतापनगरच्या पुलावर गिअर अडला, मग पडला.
उतारावर गाय.
मी ब्रेक दाबला, आणि मागे
एक झाकण वाजलं.

मकरपुऱ्यात उघडून पाहिले :
एकवीस कोरडे. एक ओला, अंभोरे फिटरचा.
त्यानं भिजलेली पोळी बोटानं उचलली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
म्हणाला, काकू, आज बाराच वाजलेत की!

इलियासभाईंनी न मागता दोन हजार सोडले.

ए.सी. एकाच नंबरवर चालतो.
लावला की गारव्याच्या आधी
गोडा मसाला येतो.