रुळाची घंटा

आमच्या चर्चला घंटा नाही.
कडुनिंबाला तारेने टांगलेला
हातभर रुळाचा तुकडा आहे,
बंद पडलेल्या छोट्या गाडीचा.
येशूदासमामा त्यावर बोल्टाने तीनदा ठोकतात
आणि टिनाखाली आम्ही अकराजण जमतो,
कधी नऊ.

आज नाताळाआधीचा शेवटचा रविवार.
पाळकसाहेब अचलपूरहून येणार, साडेनवाला,
प्रभुभोजन देणार.
अकरा वाजून गेले.
फोन लावला तर बाई सांगते, क्षेत्राबाहेर.
भाकर फडक्याखाली, प्याला पालथा,
पथ्रोटच्या रस्त्यावर एक बैलगाडी,
तीही दुसरीकडे वळली.

मार्थाकाकूंनी टोपलं पुढे ओढलं.
"बसून काय करता व? शेंगा सोला."
मग चटईवर गोल करून
प्रीतिभोजनाच्या तुरी सोलत बसलो.
नखं हिरवी झाली.
सोले परातीत पडत राहिले, टप, टप,
कोणी घाईत नसल्यासारखे.

तीन वर्षं झाली, मी एक गोष्ट मागते आहे.
कोणती, ते इथे लिहीत नाही.
त्याला ठाऊक आहे, आणि माझ्या उशीला.
आधी रडून मागितली.
मग हिशेब दाखवून:
इतके उपास, इतके शनिवार झाडलेलं चर्च,
समईच्या तेलाचेही पैसे मीच दिले होते, तेही सांगितलं.
मग रुसले.
एक अख्खा उन्हाळा त्याच्याशी बोलले नाही,
फक्त चावी सांभाळली.
दुपारी टिन तापून तडतडायचं.
मी म्हणायची, बोल, बोल,
मला कुठे कळतंय.

जखऱ्या कंपाउंडरचा नातू
मागी ज्ञानी होऊन आला होता,
शेतातल्या कापसाची दाढी लावून,
दाढीत सरकी तशीच.
त्याने विचारलं,
"पाळक नाई आले त येशू जल्मत नाई का?"
आणि दाढी सुटून सोल्यांत पडली.

दिनाबाई पहिल्यांदा हसल्या,
नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, मी मोजलंय.
मग मार्थाकाकू, पदर तोंडात घालून.
गलका ऐकून येशूदासमामांना वाटलं, साहेब आले.
त्यांना कमी ऐकू येतं.
धावत जाऊन ठोकले तीन टोल.
आम्ही ओरडतोय, "थांबा ना मामा!"
मामांना तेही "ठोका" असंच ऐकू आलं,
त्यांनी आणखी तीन ठोकले.

हसून पोट दुखलं तेव्हा मी बाहेर आले.
मामा ओशाळून उभे, हातात बोल्ट.
त्यांचे वडील गँगमन होते.
म्हणाले, "लहानपणी आम्ही रुळाले कान लावो, बाई.
गाडी दिसाच्या आधी ऐकू ये.
दूर, लय दूर असे,
पण निघाली हाय, हे समजे."

मी तुकड्याला कान लावला.
थंड लोखंड, डिसेंबरचं.
आत गुणगुण चालली होती, बारीक,
दुधावर साय धरते तशी हळू.
मला माहीत आहे,
ती मामांच्याच ठोक्यांची होती.
मला माहीत आहे,
या हातभर रुळाच्या दोन्ही टोकांना काही नाही,
एकीकडे कडुनिंब, एकीकडे हवा.

तरी मी कान काढला नाही.
आणि जे मागितलं नव्हतं
ते माझ्या अंगात चढत गेलं,
टाचांपासून, विनाकारण,
जसा गार विहिरीत उतरताना
मूल आधी किंचाळतं आणि मग हसतच सुटतं.
माझी ती गोष्ट अजून मिळालेली नाही.
संध्याकाळी पुन्हा मागेन,
या वेळी हिशेबाची वही घरी ठेवून.

आत कोणीतरी भजन धरलं, वरच्या पट्टीत,
दिनाबाईच असणार, सूर तिथे पोचत नव्हता.
रस्त्यावर धूळ उठली.
फटफटी असेल, ट्रॅक्टर असेल.
बघायला कोणी उठलं नाही.
परात अजून अर्धीच भरली होती.