ओल

ग्रिम्सबी, एकोणऐंशीचा फेब्रुवारी.
बंद पडलेल्या स्मोकहाउसच्या मागच्या खोलीत
आम्ही चौघं, आणि एक हीटर.
तो लावला की अ‍ॅम्प मरायचा.
म्हणून गारठ्यातच वाजवायचो,
बोटं बधिर झाली की काखेत धरायची
आणि पुन्हा पहिल्यापासून.

क्लाइव्ह दिवसभर गोदीवर कॉड साफ करायचा.
मायक्रोफोनला त्याच्या हातांचा वास लागला
तो शेवटपर्यंत गेला नाही.
ग्लेनिस कौन्सिलात टायपिस्ट,
लोकांच्या तक्रारींना पोचपावत्या पाठवायची:
भिंतीला ओल, छताला ओल,
पाळण्यामागे ओल, कळावे.
बँडचं नाव तिनंच तिथून उचललं. द डॅम्प.
ड्रम बडवायची ते
एकेका पत्राला खरं उत्तर दिल्यासारखी.

रॉयला तीन कॉर्ड यायच्या.
चौथी शिकून आला
तेव्हा आम्ही मतदान घेऊन ती काढून टाकली.

मी बेसवर. कारण तारा चारच,
आणि दुकानदार म्हणाला, निम्मे आता, निम्मे ईस्टरनंतर.

तुमच्याकडे डॅम्पला काय म्हणतात, ग्लेनिसनं विचारलं.
ओल, म्हटलं.
पण तिकडे ती मातीत असली तर चांगली.
मूठभर माती दाबून बघतात, लाडू वळला तर पेरतात.
मी हे कुणाला करताना पाहिलं नव्हतं.
नुसतं आईकडून ऐकलेलं.
रॉय भिंतीला हात लावून म्हणाला,
इथं मग बटाटे येतील.

आई मिरजेची. मिशन हॉस्पिटलातून
थेट इथल्या रात्रपाळीत.
तिच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असायचे
आणि शेजारचे इनूसचाचा
एकच तार दुपारभर छेडत बसायचे,
जवारी लागेपर्यंत.
हे ती भांडी विसळताना सांगायची.
मी हूं हूं म्हणायचे, नळ मोठा करायचे.

पहिला कार्यक्रम वर्किंग मेन्स क्लबात,
बिंगो आणि मटणाची सोडत यांच्या मधे. वीस मिनिटं.
आमची सगळी गाणी मिळून अकरा मिनिटांची.
समोर माणसं चौदा, त्यातली सहा डार्ट्स खेळणारी,
पाठ करून.
सेक्रेटरी मिस्टर थ्रॉसल यांनी आमचं नाव
द लॅम्प असं पुकारलं.

एक दोन तीन चार, म्हणाली ग्लेनिस,
आणि चौघं चार ठिकाणांहून निघालो.
कडव्याच्या शेवटी भेटलो कसेबसे,
रॉय आधीच पोचलेला, वाट बघत.
तिसऱ्या गाण्यात फ्यूज गेला.
गिटार गेली, बेस गेला, आवाज गेला,
ग्लेनिस मात्र थांबेना. तिला वीज कशाला लागते!
क्लाइव्ह शब्द विसरला होताच.
उघड्या घशानं ओरडला, ओल!
आम्हीही ओरडलो. ओल! ओल!
डार्ट्सवाला एकजण वळला, त्याला होल ऐकू आलं,
म्हणाला, कुठंय?

फ्यूज बदलल्यावर अजून नऊ मिनिटं उरली होती.
आम्ही तीच गाणी परत वाजवली.
कुणाच्या लक्षात आलं नाही,
असं मला वाटलं.

मग दिसली ती, दाराशी,
गणवेशावर कोट, मांडीवर पर्स,
ड्यूटीला जायच्या वाटेवर थांबलेली.
कुणी सांगितलं तिला, आजवर कळलेलं नाही.
सोडतीत तिला पोर्क चॉप्स लागले, ते तिनं नीट कागदात बांधून घेतले.

बसस्टॉपवर बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
तिसरी तार उतरली होती तुझी.
कधीपासून?
पहिल्यापासून.

दे इकडे, म्हणाली.
हातमोजा दातांनी ओढून काढला,
बेस उभा धरला, लाकडाला कान लावला
आणि खुंटी पिळू लागली, थोडी, अजून थोडी,
डोळे मिटून, धुक्यात,
तर तेवढ्यात बस आली.
थांबा हो जरा, ती ड्रायव्हरला म्हणाली,
मराठीतच.