दोरीचं काय झालं

सुवर्णा टॉकीजच्या सायकल-स्टँडवर मी,
पत्र्याचे बिल्ले, खडू आणि एक बॅटरी.
सव्वीस वर्षं पडद्याकडं पाठ.
पिच्चर मी बघत नाही,
सुटल्यावर ऐकतो.

पहिल्या भागाच्या शेवटी म्हणे
तो लाल मुंडाशाचा चाचा
दोन गलबतांच्या मधोमध दोरीला लोंबकळत राहिला.
दातात तलवार, खाली शार्क की मगरी
यावर निपाणीत दोन मतं.
आणि तिथंच दिवे लागले.

सतरा वर्षं लोंबकळला.
मध्ये तंबाखूचा भाव चढला, बसला,
ऑपरेटर बसगोंडाच्या मिशा पिकल्या,
माझ्या स्टँडवरच्या सायकली संपल्या,
पाटी तेवढी राहिली, वर कन्नड, खाली बारीक मराठी.

आज दुसरा भाग.
तेवीस नंबरच्या आपल्या गाड्या,
कागलकडनं आलेल्या झिरो नऊच्या,
मी हँडलला हँडल अडकवून एकाच रांगेत लावल्या.
पोस्टर कन्नडमध्ये, आवाज हिंदीत,
शिट्ट्या आपापल्या.

पहिला बाहेर आला तवनाप्पा शिप्पुरे.
बिल्ला द्यायच्या आधीच म्हणाला,
"दोरीचं काय झालं, सांगा की!
पडदा उघडतोय तर ह्यो डेकवर बसून कलिंगड खायलाय.
सुटला कसा, कुणी सोडवला, एक अक्षर नाही!"

मागं कॉलेजची पोरं.
"शिडाच्या काठीवरनं पळत आला, बघितलास?"
"काँप्युटर रे सगळं. पाणीपण काँप्युटरचं."
"मग तुझ्या डोळ्यातलं?
शेजारी बसलो होतो मी."

बिडी कारखान्यातल्या सहाजणी,
पदराला जर्द्याचा वास,
एका रिक्षात बसायची घाई, तरी जुबेदा थांबली.
"त्या काण्याला चांगला केला, हे वाईट केलं.
सतरा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या.
आता त्या कुणाला घालू?"
रिक्षातनं शेवंता ओरडली,
"नवरा हाय की तुझा!"

नेमगोंडा मास्तर म्हणाले, पहिलाच बरा होता.
पहिल्यालाही हेच म्हणाले होते.

मग झिरो नऊवाला एक,
हेल्मेट काढून, अगदी साधेपणानं,
"कसली दोरी? तो पहिल्याच भागात उतरला की.
शेवटी डेकवर उडी मारून हसतोय, आमच्या गावात बघितलाय मी."

स्टँडभर शांतता. मग गलका.
तवनाप्पानं त्याची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली.
"तुमच्यात उतरतो आणि आमच्यात लटकतो? असं कुठं असतंय?"
पेट्रोलच्या टाकीवर बसलेलं एक पोरगं,
दातात फूटपट्टी, म्हणालं,
"दोरी लांब झाली असंल."
त्याचं कुणी ऐकलं नाही.

रात्रीचा खेळ सुटला, कुलपं लागली,
बसगोंडा जिना उतरून माझ्या स्टुलावर टेकला.
बराच वेळ मिशी ओढत राहिला.
"पहिल्याच दिवशी शेवटचं रीळ तुटलं बघ.
जोडायला गेलो तर दोन मिनिटांचा चुरा.
बाहेर दुसऱ्या खेळाची रांग.
दिवे लावले.
लोक टाळ्या वाजवत गेले, म्हणाले, काय शेवट!
मग रोज तसाच दाखवला."

खिशातनं त्यानं पानाची डबी काढली.
आत वळकटी, हातभर उरलेली फिल्म.
सतरा वर्षं जवळ बाळगून
कुणाला दाखवली नव्हती.

मी बॅटरी लावली.
पहिल्यांदाच पिच्चर बघितला असा,
चौकट चौकट, अंगठ्याच्या नखाएवढा.
लाल मुंडासं. दोरी सुटलेली.
एकेका चौकटीत तो जरासा खाली, आणखी जरासा.
शेवटच्या चौकटीत डेक आला,
पाय टेकायला राईएवढं अंतर.

"पुढचं कुठाय?"
बसगोंडा म्हणाला,
"झाडलोटीत."

बारा नंबरचा बिल्ला अजून आला नव्हता.
मी बॅटरी विझवली नाही.