त्रेचाळीस, जागेवर

रातिमिर पाण्यात उतरतो तेव्हा दोर माझ्या हातात असतो.
एक हिसका: ठीक आहे.
दोन हिसके: ओढ, मावशी.
तीन अजून कधी आले नाहीत,
आणि तिनांचा अर्थ मी विचारलेला नाही.

विवराच्या तोंडाशी रानडाळिंब आहे.
त्याच्या बुंध्याला दोराचे दोन वेढे, तिसरा माझ्या मनगटाला.
समोर पोपोवोचं सपाट रान, मका कंबरेइतका.
माझ्या लहानपणी हिवाळ्यात या रानात होड्या चालत.
जमीन खालून पाणी ओकायची
आणि उन्हं तापली की तेच पाणी घोट घोट गिळून टाकायची.
मग इंजिनियर आले,
नदीला सिमेंटचा पाट दिला, पूर संपले.

त्यातल्या एका पुरात आमच्या विहिरीच्या बादलीतून
तो वर आला होता.
वीतभर. ओठाच्या आतल्या कातडीसारखा गुलाबी.
मानेशी लाल झालर,
पुढच्या पायांना तीन बोटं, मागच्यांना दोनच,
जणू घडवणारा मोजता मोजता कंटाळला.
डोळे नव्हते. म्हणजे होते, पण कातडीखाली,
शिवून टाकलेल्या खिशात राहिलेल्या नाण्यांसारखे.
आमच्याकडे त्याला माणूसमासा म्हणतात.
धाकट्याने विचारलं, तळायचा का?
बाबांनी बादली परत खाली सोडली, इतकी हळू
की रहाटसुद्धा कुरकुरला नाही.
म्हणाले, कुणाचं तरी लेकरू आहे, स्तानोयका, वाट चुकलंय.

लेकरू कसलं, रातिमिर म्हणतो,
तुझ्याहून मोठा असेल तो. शंभरीला टेकतात हे.
वर्षानुवर्षं पोटात काही नसलं तरी चालतं त्यांना.
हा सुईने त्यांच्या कातडीखाली रंगाचा ठिपका सोडतो,
ठिपक्यांवरून नंबर.
वही बिस्किटांच्या डब्यात असते आणि लिहिते मी,
कारण वर आल्यावर त्याच्या बोटांत पेन राहत नाही.

त्रेचाळीस, चपट्या दगडाखाली.
हे पहिल्या वर्षी. झुम्रेता तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती,
थर्मासमधून कॉफी घेऊन यायची, माझ्याशेजारी बसायची.
पुढच्या वर्षी: त्रेचाळीस, जागेवर.
इस्क्रा झाली तेव्हाही जागेवर.
कारखान्याला कुलूप लागलं, जागेवर.
झुम्रेता पोरीला घेऊन गोथेनबर्गला बहिणीकडे गेली,
दोन महिन्यांसाठी म्हणून,
त्या पानावर कॉफीचा डाग नाही,
बाकी मजकूर तोच.
सहावं वर्ष, सातवं वर्ष.
माझा डावा गुडघा गेला.

फोनवर इस्क्रा विचारत होती, मी शेंगा सोलत ऐकत होते:
तो काय करतो, बाबा?
काही नाही.
रोज?
रोज.
पोर हसत सुटली. मग म्हणाली,
मग तुम्ही तरी कशाला जाता?
बघायला, म्हणाला रातिमिर.
आणि शेंगांचं टोपलं उगाच एका जागेवरून उचलून
दुसऱ्या जागी ठेवलं.

यंदा दोर फार वेळ गप्प होता.
डाळिंबावर एक सरडा येऊन गेला, परत आला.
मग एक हिसका.
मग, एक अख्खी प्रार्थना म्हणून होईल इतक्या वेळाने, दुसरा.
हे दोन म्हणायचे, की एक आणि एक?
मी ओढलं नाही. सोडलंही नाही.

तो आपला आपणच वर आला.
मी वही उघडून बसले होते,
'जागेवर' आधीच लिहून ठेवलेलं. सवय.
खोड, म्हणाला.
पाच हात पलीकडे आहे.
कुठल्या अंगाला? उगवतीला?
खाली उगवत नसते, मावशी.

मग ओल्या केसांनी तो दगडी बांधावर बसला,
फोन काढून कसले कसले आकडे बघत राहिला,
तारखा असाव्यात, किंवा भाडं.
मी विचारलं नाही.

शेऱ्याच्या रकान्यात मी 'गेला' लिहिलं.
वाचून बघितलं, बरं दिसेना. त्या शब्दाला मातीचा वास येतो.
खोडलं.
लिहिलं: निघाला.