हिरवी खूण

महापेला, चौथ्या मजल्यावर,
दिवसाला साठ माणसं तपासते मी.
माणसं म्हणजे फोटो, परवाना, बिल्ला,
आणि पोलीस पडताळणीचा दाखला.
शिक्का तिरका असला तर चालतो,
पुसट असला तर परत.
एका माणसाला सहा मिनिटं.
माझं स्थळ बघताना आत्याने दोन वर्षं चौकशी केली होती,
तरी चुकलंच.

खिल्लारे तुळशीदास रंगनाथ मात्र
तीन दिवस पडून राहिला माझ्या रांगेत.
मुक्काम पोस्ट तळणी, तालुका मंठा.
दोन हजार तेराची एक नोंद, कलम तीनशे चोवीस :
टँकरच्या पाण्यावरून मारामारी,
कुणाचं तरी डोकं हंड्याने फुटलं.
निकाल : निर्दोष.
निर्दोष म्हणजे केलं नाही,
की केलं ते दिसलं नाही कुणाला,
असा रकाना नाही आमच्या तक्त्यात.
हो किंवा नाही.
गोमटेसर मागून म्हणाले, "अगं, शनिवारी गाड्या कमी पडतात. सोड."
सोडला.
हिरवी खूण उमटताना
जोंधळा फुटावा इतका बारीक आवाज होतो.

त्यानंतर पाचेक आठवड्यांनी, रात्री पावणेबारा.
गेटबाहेर पांढरी गाडी, आणि मोबाइलवर तोच चेहरा,
डावी भुवई मधोमध तुटलेली.
"ओटीपी सांगा."
चार आकडे सांगितले.
मला ठाऊक होतं त्याच्या बापाचं नाव, रक्तगट,
नोव्हेंबरात गाडीचं पासिंग संपतंय तेही.
त्याला ठाऊक होतं फक्त "हेमांगी",
आणि मी कुठे उतरणार ते.
एवढ्याने पारडं उलटं होतं.

तिरकी बसले, त्याच्या पाठीमागे नाही.
दाराची कडी आतून उघडते ना, बोटाने चाचपून घेतलं.
फोन कानाला लावून जरा मोठ्याने,
"हो दादा, निघालेय. खालीच थांब."
पलीकडे कुणी नव्हतं.
दादा तर मला जन्मापासून नाही.

रबाळे गेलं. ऐरोली गेली. दिघ्यानंतर
दिव्यांची अख्खी रांग बंद,
उजव्या हाताला डोंगर नुसता काळा.
विटाव्याच्या अलीकडे त्याने वेग कमी केला
आणि गल्लीत वळवली गाडी.
मांडीवर मोबाइल थरथरला :
तुमची गाडी ठरलेल्या मार्गावर नाही. तुम्ही सुरक्षित आहात का?
हो. नाही.
कुणीतरी माझ्यासारखीनेच लिहिला असेल हा प्रश्न,
शाल पांघरून.
अंगठा दोन्हींच्या मधल्या कोऱ्या जागेवर धरून बसले.

"फुडं खोदलंय म्याडम, पाण्याच्या पायपासाठी. आतून घेतो."
मग आरशात न बघता,
"मघाशी तुमचा फोन लागला नव्हता.
इथं रेंज हाय. लावायचा तर लावा."

त्या वाक्याचं काय करायचं
मला अजून कळलेलं नाही.

खारेगावला उतरले. एकशे त्र्याण्णव रुपये.
दार नीट लागायच्या आत त्याला पुढचं भाडं आलं,
तो गेला.
जिन्यात उभी राहून मी किल्ली शोधत होते
आणि ती हातातच होती.

सकाळी बसमध्ये खिडकीची जागा मागून घेतली,
एका म्हातारबुवांना उठवून.
विटाव्यापाशी मान वळवून बघितलं.
खोदलं होतं. निळे पाइप, पिवळी फीत,
खड्ड्यात उभा एक माणूस दात घासत होता.

ऑफिसात खिल्लारेची फाइल उघडली.
शेऱ्यासाठी पन्नास अक्षरं असतात,
आम्ही कधीच काही लिहीत नाही त्यात.
लिहिलं : रस्ता खरंच खोदलेला होता.
त्यावरून एवढंच सिद्ध होतं
की रस्ता खोदलेला होता.

मग पुढचा फोटो उघडला.
त्याला अकरा मिनिटं लावली.
गोमटेसरांनी घड्याळाकडे बघितलं,
मी शिक्क्याकडे.